तिरक्या नजरेची बाग

ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही आणि ज्याच्याकडे बघायचं नाही ते स्वच्छ दिसतं, अशी माझ्या डोळ्यांची सध्याची अवस्था आहे. गच्चीवर गुलाबाकडे बघितलं की गुलाब नाहीसा होतो आणि कुंडी शिल्लक राहते. कुंडीकडे बघितलं की कुंडी जाते आणि पलीकडची पाण्याची टाकी दिसते. गुलाबच बघायचा असेल तर समोरच्या इमारतीतल्या एका बाल्कनीवर नजर रोखून उभं राहावं लागतं; मग गुलाब कडेकडेने डोळ्यांत शिरतो. त्या बाल्कनीतल्या काकूंना हे नेत्रशास्त्र ठाऊक असण्याचं कारण नाही. भाजीच्या गाडीवर त्यांनी आमच्या हिला गाठून विचारलं, "काका हल्ली सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे टक लावून का बघतात हो?" ही म्हणाली, "छे हो, ते तुमच्याकडे कुठे बघतात, ते गुलाब बघतात." काकूंनी याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि दुसऱ्या दिवशी बाल्कनीला जाड कापडाचा पडदा लागला. बिघडला माझा पडदा, खर्च त्यांना.

माझा पडदा म्हणजे डोळ्यातला, मागच्या बाजूचा. त्याच्या मधोमध पीतबिंदू नावाची जेमतेम साडेपाच मिलिमीटरची जागा असते. वाचणं, सुई ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, कोथिंबीर कुठली आणि गवत कुठलं हे ठरवणं, अशी आयुष्यातली यच्चयावत बारीक कामं या एवढ्याशा जागेकडे सोपवलेली आहेत. बाकीचा भलामोठा पडदा कडेकडेचं ढोबळ बघत बसतो. उतारवयात काहींच्या पीतबिंदूची झीज होते. तिचे दोन प्रकार आहेत, कोरडी आणि ओली. कोरडीत तो हळूहळू विरत जातो. ओलीत पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्यांना फुटवे येतात आणि त्या पाझरतात. माझा एक डोळा कोरडवाहू आहे, एक बागायती.

बागायती डोळ्यात अधूनमधून इंजेक्शन घ्यावं लागतं. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते मला आता नीट दिसत नाही हा फायदाच. प्रत्यक्षात आधी बधिर करणारे थेंब घालतात, त्यामुळे सुईपेक्षा कल्पनाच जास्त टोचते. खरा जाच नंतरचा. काही दिवस माती, धूळ, नळाचं पाणी यांतलं काही डोळ्याजवळ येऊ द्यायचं नाही, म्हणजे खुरपं बंद. इंजेक्शनच्या तारखा आणि मोगऱ्याच्या छाटणीचा हंगाम हटकून एकत्र येतात. डॉक्टरांना मी हे सांगून पाहिलं. त्यांनी मोगऱ्याला थांबायला सांगितलं.

आमच्या सोसायटीत माझ्या वयाच्या सगळ्यांचे डोळे काही ना काही कारणाने डॉक्टरांच्या हाताखालून गेलेले आहेत, पण ते मोतीबिंदूसाठी. मोतीबिंदू हा आजारांमधला सभ्य गृहस्थ. येतो, पिकतो, अर्ध्या तासात निघून जातो आणि जाताना बोलायला विषय ठेवून जातो. "कितीची लेन्स टाकली?" हा प्रश्न आमच्याकडे पूर्वी साडी कितीची घेतली या प्रश्नाला जो मान होता त्या मानाने विचारला जातो. भारतीय लेन्स, परदेशी लेन्स, लांबचं-जवळचं दोन्ही दिसणारी लेन्स, यावरून कट्ट्यावर माणसांची प्रतवारी लागते. माझा मोतीबिंदू नाही असं कळल्यावर लोकांचा विरस होतो. "मग काढून टाकता येत नाही?" नाही. "लेन्स?" नाही. "मग आमच्याच डॉक्टरांना दाखवा," असं म्हणून ते माझं दुखणं आपल्या अखत्यारीत घेतात.

निदान व्हायलाही वेळ लागला, आणि त्याचा दोष मी आमच्या इमारतीला देतो. या आजाराची पहिली खूण म्हणजे सरळ रेघा वाकड्या, नागमोडी दिसायला लागतात. आम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी त्यासाठी चौकटींचा एक कागद करून ठेवला आहे. मध्ये ठिपका, भोवती आडव्या-उभ्या रेघा. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा लाटांसारख्या दिसल्या किंवा मधला भाग गायब झाला की दवाखाना गाठायचा. साधी, बिनखर्चाची परीक्षा आहे. पण ज्याच्या गच्चीवरची शहाबादी फरशी मुळातच नागमोडी बसवलेली आहे, कठडा एका टोकाला झुकलेला आहे आणि खिडकीचा एकही गज दुसऱ्याला समांतर नाही, त्याने शंका तरी कशाची घ्यावी? मला वर्षानुवर्षं वाकडंच दिसत होतं आणि ते बरोबर होतं.

मधलं गेलं की सगळ्यात आधी चेहरे जातात. समोरून येणाऱ्या माणसाचे कान, केस, पिशवी, चपला हे सगळं दिसतं, फक्त तोंड दिसत नाही. दुसऱ्या एखाद्या गावात यावरून गैरसमज झाले असते. पुण्यात कोणाच्याच लक्षात आलं नाही. ओळखीचा माणूस समोर दिसत असताना बाजूला बघत निघून जाणं हे इथे आजाराचं लक्षण मानत नाहीत. उलट माझ्याबद्दल आदर वाढला असावा असा मला संशय आहे. आणखी एक सुख म्हणजे पाट्या वाचता येत नाहीत. या शहरात पाट्या वाचता न येणारा माणूस किती निर्धास्त फिरतो हे डोळस पुणेकराला कळायचं नाही.

पण प्रश्न बागेचा होता. माझे डोळे अधू झाल्याचं कळल्यावर प्रत्येकाने पहिली गोष्ट सुचवली ती म्हणजे बाग कमी करा. "आता काय उपयोग? तुम्हाला दिसणार थोडीच!" बाग ही बघायची गोष्ट आहे, हा समज डोळसांनी पसरवलेला आहे. मी या लोकांना इतकी वर्षं गच्चीवर येताना पाहिलं आहे (तेव्हा दिसत होतं). ते येतात, "वा, काय छान केलंय!" म्हणतात, फुलाशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढतात आणि खुर्ची कुठे आहे ते विचारतात. त्यात फुलाकडे बघण्याचा भाग किती, ते त्यांनीच सांगावं.

बागकामात डोळ्यांचं काम फार थोडं आहे, आणि जे आहे त्यात डोळे सर्रास फसतात. कढीपत्त्यावर आणि लिंबावर एका फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळपट अंगावर पांढरा पट्टा. उत्तम नजरेच्या चिमण्यासुद्धा त्यांना टाकून जातात. म्हणजे या सृष्टीतला निम्मा व्यवहार बघणाऱ्याला नीट दिसू नये याच पायावर उभा आहे. माझी अडचण एवढीच की अळी आहे की विष्ठा, याची हात लावून खात्री करून घ्यावी, असं दोन्हींपैकी कशाबाबतच वाटत नाही.

तणांचंही तेच. कोवळं गाजर गवत आणि कोवळी शेवंती शेजारी शेजारी ठेवली तर चष्म्याचा नंबर शून्य असलेला माणूसही बुचकळ्यात पडतो. तशीच कातरलेली पानं, तसाच पोपटी रंग. या गवताची भारतातली ठळक नोंद १९५५च्या सुमारास पुण्यातच झाली. या गोष्टीचा अभिमान बाळगणारी एखादी समिती अजून कशी निघाली नाही, कोण जाणे. ते खाऊन टाकावं म्हणून १९८०च्या दशकात मेक्सिकोहून खास भुंगेरे आणले गेले. त्यांनी गाजर गवत खाल्लं, पण पुढे त्यांच्यावर सूर्यफुलाचा पाला खाल्ल्याचा आळ आला आणि चौकश्या झाल्या. ज्याची नेमणूकच गवत ओळखण्यासाठी झाली, त्या किड्यावर ही वेळ येते, तर मी सेवानिवृत्त बँक कर्मचारी आहे. मी दोन्ही रोपं वाढू देतो. शेवंती थंडीत फुलते. गाजर गवत त्याच्या बरंच आधी शिंकांवरून समजतं.

बँकेत आयुष्यभर सह्या जुळवून बघितल्या. सहीतल्या एका वेलांटीवरून चेक परत पाठवणारा माणूस मी. आता वाफ्यातलं टोमॅटोचं, वांग्याचं आणि मिरचीचं रोप बोटांनी जुळवतो. तिन्ही एकाच कुळातली भावंडं आणि बालपणी तिघांची तोंडं सारखी. पण हात लावला की सोंग उघडं पडतं. वांग्याचं पान लोकरीसारखं खरखरीत लव असलेलं, मिरचीचं गुळगुळीत, आणि टोमॅटोचं पान नुसतं चोळलं तरी बोटाला असा वास चिकटतो की जेवणापर्यंत जात नाही. डोळे शाबूत असताना मी पाकिटावरच्या चित्रावर विश्वास ठेवून रोपं लावत असे आणि भोपळी मिरचीच्या जागी काय येईल ते दैवावर असे. आता फसवणूक पुष्कळ कमी झाली आहे.

कुठे काय लावलंय ते लक्षात राहावं म्हणून काड्यांवर नावं लिहिलेली होती. ती वाचता येईनात तेव्हा मी सुतळीत बटणं ओवून कुंड्यांना बांधली. एक बटण टोमॅटो, दोन वांगी, तीन मिरची, चौकोनी बटण गवती चहा. व्यवस्था निर्दोष होती. ही एक दिवस गच्चीवर आली आणि म्हणाली, "अहो, माझ्या निळ्या ब्लाउजची बटणं मिरचीला काय करताहेत?" मी म्हटलं, "अगं, मिरचीची ओळख आहे ती." तेव्हापासून घरातलं कुठलंही बटण तुटलं की ते शोधायला थेट गच्चीवर येतात, आणि शर्टाला बटण लागलं की माझ्या एका रोपाची ओळख जाते. गेल्या हंगामात एक वांगं निनावी वाढलं.

औषधांच्या बाटल्यांवरच्या अक्षरांबद्दल बोलायलाच नको. कीटकनाशकाच्या डब्यावर कायद्याने एक तिरपा चौकोन छापतात. त्याचा खालचा त्रिकोण लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. कल्पना चांगली आहे, पण त्रिकोणाशेजारचा मजकूर वाचायला भिंग घ्यावं, तर भिंगातून एकावेळी दीड अक्षर दिसतं आणि ते दीड अक्षर 'प्राण' आहे की 'प्रमाण' हे कळायच्या आत हात दुखायला लागतो. मी तो सगळा कारखाना बंद केला. निंबोळी अर्क आणि साबणाचं पाणी. चुकून कोणाच्या अंगावर उडालं तर फार तर तो स्वच्छ होतो.

आणि उडतंच. कारण पांढरी माशी. पांढरी माशी पानाखाली बसते आणि झाड हलवलं की पांढऱ्या ठिपक्यांचा ढग उठतो. आता, उतारवयात डोळ्यांपुढे काही ठिपके आणि जाळ्या आपल्या आपणच तरंगत असतात, आणि इंजेक्शननंतर एखादा हवेचा बुडबुडाही दोन दिवस फिरून जातो. त्यामुळे माश्या झाडावर आहेत की डोळ्यांत, हा प्रश्न रोज सकाळी पंप हातात घेतल्यावर नव्याने सोडवावा लागतो. कसोटी सोपी आहे. झाड हलवल्यावर उडाल्या तर झाडावरच्या. नजर हलवल्यावर उडाल्या तर आपल्या. तिसरी शक्यता अशी की आपण नजर रोखलेल्या जागी कोणीतरी पांढरा सदरा घालून उभं असतं. सोसायटीचे सेक्रेटरी आता गच्चीवर येताना जिन्यातूनच खाकरतात.

किड्यांवरून मला माझा गुरू सापडला. शार्ल बोने, जिनिव्हाचा. १७४० मध्ये, विशीत असताना, त्याने माव्याचं एक नुकतं जन्मलेलं पिल्लू काचेच्या भांड्याखाली एका डहाळीवर एकटं ठेवलं आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत, महिनाभराहून अधिक, तो त्या एका माव्याकडे बघत बसला. नराचा वाराही लागू न देता त्या मादीने ९५ पिल्लं दिली. अख्ख्या युरोपात खळबळ उडाली. माझ्या शेवंतीवर ही गोष्ट दर आठवड्याला घडते आणि कोणाला काही वाटत नाही. पुढे सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बोनेचे डोळे अधू झाले. तेव्हा त्याने काय केलं? बाग कमी केली नाही. किडे सोडून तो झाडांच्या पानांकडे वळला, कारण पानं मोठी असतात. १७५४ मध्ये त्याने पानांच्या कामकाजावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. मला हा फार समंजस निर्णय वाटतो. मीही सध्या राजगिऱ्याकडून अळूकडे सरकतो आहे.

पण बोनेचं नाव डोळ्यांच्या दवाखान्यात घेतात ते निराळ्या कारणाने. त्याच्या आजोबांना मोतीबिंदूमुळे जवळपास दिसेनासं झालं होतं आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती असं काहीबाही दिसायला लागलं. आजोबा ठणठणीत शहाणे होते आणि समोर दिसतं ते खरं नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. नातवाने १७६० मध्ये ते लिहून ठेवलं. डोळ्यांकडून चित्र येणं कमी झालं की मेंदू रिकाम्या जागी स्वतःच्या मनाने चित्रं भरतो. काहींना माणसं दिसतात, काहींना नक्ष्या, काहींना फुलं.

मला फुलं दिसतात. संध्याकाळी, उजेड मावळताना, भर उन्हाळ्यात वठलेल्या वेलीवर निळसर फुलांची जाळी पसरते. खत नाही, पाणी नाही, माळी नाही, आणि बहर असा की एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात ठेवावा. पहिल्यांदा मी कोणाला बोललो नाही; या वयात अशी वाक्यं जपून उच्चारायची असतात, मुलं लगेच एकमेकांना फोन करतात. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "होतं असं, वेड नाही ते. लोक सांगत नाहीत एवढंच." तेव्हापासून मी मोकळेपणाने बघतो. या भासातल्या चित्रांना आवाज नसतो, वास नसतो. त्यामुळे खरं-खोटं ठरवायचं काम नाकाकडे गेलं. मोगरा असेल तर वास येईल, नाही आला तर तो मेंदूचा मोगरा. अडचण जास्वंदीची आहे. जास्वंदीला मुळातच वास नाही. देवपूजेसाठी फुलं तोडताना मी एखादं नसलेलं फूल हलक्या हाताने तोडतो आणि परडीत ठेवतो, असं ही लोकांना सांगते. गणपतीची त्याबद्दल तक्रार आलेली नाही.

वासाने बाग चालवायला लागल्यावर लक्षात आलं की अर्धी व्यवस्था आधीच झालेली आहे. रातराणी, पारिजातक, मोगरा, ही रात्री उमलणारी मंडळी पांढरी किंवा फिकट आणि दरवळणारी का असतात? त्यांचं गिऱ्हाईक अंधारात येतं. पतंगाला रंग दाखवून काय उपयोग, म्हणून त्याला वासाने बोलावायचं. मी त्याच पतंगांच्या रांगेत उभा राहतो. जिन्याच्या दाराशी मोगरा, टाकीजवळ सोनचाफा, नळाशी पुदिना, कठड्याच्या कोपऱ्यावर मरवा. पाय कुठे आहे ते नाक सांगतं. पुदिन्याचा वास आला आणि पाऊल ओलं झालं की नळ उघडा राहिलाय हेही कळतं.

पाणी घालायचं की नाही, ते कान सांगतात. मातीच्या कुंडीवर बोटाच्या पेराने टकटक करायची. कोरडी कुंडी खणखणीत वाजते, ओली बद्द. जुने माळी असंच करायचे. प्लॅस्टिकच्या कुंड्या काहीच बोलत नाहीत, म्हणून त्या मी खालच्या मजल्यावरच्यांना वाढदिवसाला देऊन टाकल्या. इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जीकिल नावाच्या बाई होऊन गेल्या. त्यांची नजर इतकी अधू होत गेली की १८९१ मध्ये जर्मनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना चित्रकला आणि भरतकाम या बारीक कामांपासून दूर राहायला सांगितलं. बाईंनी सगळा जोर बागांवर लावला आणि त्या काळातल्या सगळ्यात नामांकित उद्यानरचनाकार झाल्या. वाऱ्यात पानं कशी वाजतात त्यावरून झाड कुठलं ते त्या बहुधा अचूक सांगत. हे मला मुळीच अवघड वाटत नाही. पिंपळाखाली उभं राहिलं की पाऊस नसताना पाऊस ऐकू येतो. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा उन्हाळ्यात जो खुळखुळाट करतात, तो ऐकून तर आमच्या गल्लीतले वाहनचालकही गाडीत काहीतरी सुटलंय म्हणून खाली उतरून बघतात.

क्लोद मोने या चित्रकाराचंही उदाहरण मी घरात देऊन पाहिलं. १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, १९२३ पर्यंत गडी शस्त्रक्रियेला तयार नव्हता. मधली सगळी वर्षं रंगांच्या नळ्यांवरची नावं आणि त्यांच्या ठरलेल्या जागा यांच्या भरवशावर कमळांचं तळं रंगवत राहिला, आणि बाग सोडली नाही. ही म्हणाली, "त्याच्याकडे माळी किती होते?" बरेच होते, एक तर नुसता तळ्यासाठी. त्यानंतर मी मोनेचं नाव घेत नाही.

आमचाही एक माळी आहे. तो रविवारी येतो. मला दिसत नाही हे त्याला कळल्यापासून बाग झपाट्याने सुधारली आहे. "कसं आहे रे?" "एकदम झकास, साहेब." गुलाब? झकास. लिंबू? लय भारी. फक्त शेणखत संपत आलेलं असतं, ते मात्र त्याला लांबूनही दिसतं. हिला विचारलं तर तीच बाग वाळलेली, किडलेली, पिवळी पडलेली असते आणि कुठल्याशा कुंडीत डासांच्या अळ्या असतात. सेक्रेटरींना त्याच बागेत फक्त गळणारं पाणी आणि स्लॅब दिसतो. मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर बघतो आणि म्हणतो, "बाबा, कॅमेरा जरा डावीकडे, तुमचा अंगठा दिसतोय." मी ज्याच्यावर कॅमेरा धरतो ते मला दिसत नाही आणि जे मला दिसतं ते कॅमेऱ्यात येत नाही, अशा पद्धतीने त्याने आमची अख्खी गच्ची अंगठ्यासह पाहिली आहे. नातवाने फोनवर झाडं ओळखायचं काहीतरी घेतलं आहे. त्याने आमच्या तुळशीला एकदा लांबलचक लॅटिन नाव सांगितलं आणि ही वाती करता करता हात जोडून उभी राहिली.

डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये 'बी माय आइज' नावाची एक छान सोय निघाली. कमी दिसणाऱ्याने फोनचा कॅमेरा धरायचा आणि जगातल्या कुठल्यातरी अनोळखी स्वयंसेवकाने बघून सांगायचं, डब्यावर तारीख काय आहे, शर्ट कुठल्या रंगाचा आहे. मला तिची गरज पडलेली नाही. आमच्या सोसायटीत न विचारता बघणारे आणि न विचारता सांगणारे स्वयंसेवक मुबलक आहेत. त्यांतल्या कोणाचंही दुसऱ्याशी जुळत नाही. आता मी सगळ्यांचं ऐकून घेतो आणि कुंडी वाजवून बघतो.

जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला मी अजून जातो. तिथे फुलांच्या रांगांपुढे दोऱ्या बांधलेल्या असतात आणि हात लावू नका असं लिहिलेलं असतं. ते मला वाचता येत नाही, ही माझी बाजू भक्कम आहे. तरी हल्ली स्वयंसेवक मुलं लांबूनच ओरडतात. मी एकाला म्हटलं, "बाळ, मला हातानेच दिसतं." त्याने विचार केला आणि म्हणाला, "आजोबा, मग हळू बघा." प्रदर्शनाच्या इतक्या वर्षांतला सगळ्यात योग्य नियम हाच.

खाण्यापिण्याचंही राहिलं. डॉक्टरांनी हिरव्या पालेभाज्या भरपूर खायला सांगितल्या, शिवाय ल्युटिनच्या कॅप्सूल दिल्या. पीतबिंदूच्या पिवळेपणात याच ल्युटिनचा वाटा असतो, आणि कॅप्सूलमधलं ल्युटिन बहुतेक करून झेंडूच्या फुलांतून काढतात. हे कळल्यापासून दसऱ्याच्या झेंडूकडे बघायची माझी दृष्टी बदलली. गच्चीवर दोन वाफे झेंडू फुकट फुलतो, आम्ही तो दाराला बांधतो, दुसऱ्या दिवशी उतरवून खतात टाकतो, आणि मग औषधाच्या दुकानात जाऊन तोच झेंडू पट्टीच्या भावाने विकत आणून गिळतो. फुलं तशीच खाऊन बघावीत असा एक विचार मी बोलून दाखवला. ही म्हणाली, "नुसतं खाऊ नका, गळ्यात घालून बसा, म्हणजे आलेल्या पाहुण्यांना काय झालंय ते वेगळं सांगायला नको."

मृगाच्या आधी मी रोपं वाटतो, याही वर्षी वाटणार आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, गवती चहा, झेंडू, शिवाय काही अशी आहेत ज्यांची बटणं सध्या शर्टांना लागलेली आहेत. हवी त्यांनी पिशवी घेऊन यावं आणि गच्चीच्या दारात आल्यावर आपलं नाव मोठ्याने सांगावं. कुंड्या जागच्या हलवू नयेत. रोप कशाचं आहे हे मला विचारू नये. घरी नेऊन लावा, पाणी घाला, आणि फूल आलं की रंग कोणता निघाला तेवढं फोन करून कळवा.